विश्लेषण : नर्मदाकाठचे जंगल नेमके कोणी तोडले?

सातपुड्यातील जंगल आटल्याची चर्चा निघाली की पहिले बोट आदिवासींच्या ‘अतिक्रमणा’कडे जाते. नंदुरबारच्या नर्मदाकाठचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

नर्मदा महाराष्ट्रात कुठे?

अमरकंटकला उगम पावून १,३१२ किलोमीटरनंतर भरूचजवळ खंभातच्या आखाताला मिळणाऱ्या नर्मदेचा सुमारे ५४ किलोमीटरचा काठ महाराष्ट्राला लाभला आहे. तोही फक्त धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर सीमेवर. सातपुड्याच्या उत्तर उतारावरचे पाणी नर्मदेला जाते, दक्षिणेकडचे तापीला. उतार तीव्र असल्याने झाडे गेली की मातीही नदीत जाते.

तोड कशी झाली?

इंग्रजांना जहाजांसाठी आणि रेल्वेसाठी लाकूड हवे होते. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलांची चौकट पक्की झाली आणि पिढ्यानपिढ्या तिथे राहणारे भिल्ल, पावरा आपल्याच रानात परक्यासारखे झाले. ठेकेदारांची पिळवणूक थांबवण्यासाठी १९४७पासून मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहिल्या. पण कोणता कूप तोडायचा, हे वन खातेच ठरवत राहिले.

सर्वात मोठा घाव कोणता?

सरदार सरोवर. तीन राज्यांतील सुमारे १३,३८५ हेक्टर बुडीत वनजमिनीपैकी ६,४८८ हेक्टर, म्हणजे जवळपास निम्मी, एकट्या महाराष्ट्राची. राज्यातील ३३ गावे बाधित झाली. पुनर्वसनासाठी १९९०मध्ये तळोद्यातील २,७०० हेक्टर वनजमीन देण्यास मंजुरी मिळाली. एक जंगल पाण्याखाली गेले आणि त्याची भरपाई म्हणून दुसरे तुटले. दोन्ही निर्णय सरकारी होते.

आता काय करावे?

नवी अतिक्रमणे होतच नाहीत, असे नाही. म्हणूनच २००६च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही मर्यादा घातली. पण याच कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्कही दिला आहे. तो हक्क नुसत्या दाखल्यापुरता राहू नये. प्रलंबित दावे निकाली काढावेत, व्यवस्थापन आराखड्यासाठी ग्रामसभेला निधी द्यावा आणि झाड तोडायचे की राखायचे, यात तिचा शब्द अखेरचा मानावा. दीडशे वर्षे हा निर्णय बाहेरच्यांनी घेतला. त्याचा परिणाम उघड्या डोंगरांवर दिसतो आहे.