कॅमेरा घ्या, पण विमानाचा विचार करून

आपल्या हॉस्टेलवर कॅमेऱ्यावरून जेवढे वाद होतात तेवढे मेसच्या भाजीवरूनही होत नसतील. त्यात आता नवीन भर पडली आहे. डिग्री हातात पडल्यावर (आणि काही जण हातात पडायच्या आधीच) पायलटच्या लायसन्समागे लागलेले आपले सीनियर्स गोंदिया, बारामतीसारख्या ठिकाणी विमान शिकायला जातात. तिथून त्यांचे फोन येतात, "अरे, तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाले ना? सेसनामध्ये लावायला छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा कोणता घेऊ?" की लगेच आमच्या विंगमध्ये सुरू! कुणी म्हणतो ४के, कुणी म्हणतो ५.३के, कुणी मेगापिक्सेल मोजतो.

मित्रांनो, मी पायलट नाही. पण सीनियर्सनी पाठवलेले तासन्‌तासाचे व्हिडिओ पाहून आणि त्यामागचं गणित करून माझं मत ठाम झालं आहे. या कामासाठी चांगला कॅमेरा म्हणजे इंजिन सुरू व्हायच्या आधी चालू केला की इंजिन बंद होईपर्यंत ज्याच्याकडे पायलटला एकदाही बघावं लागत नाही तो. रेझोल्यूशन वगैरे त्यानंतर.

आधी सगळ्यात जास्त तक्रार असते तिच्याकडे वळू. काचेतून पुढचं दृश्य घ्यावं, तर प्रोपेलरची पाती केळ्यासारखी वाकलेली, कधी तर हवेत सुटी तरंगताना दिसतात. याला कॅमेरा खराब म्हणू नका. सेन्सर सगळं चित्र एका क्षणी वाचत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. हाच तो रोलिंग शटर. सेसना १७२ चा प्रोपेलर समजा मिनिटाला २४०० फेरे घेतोय, म्हणजे सेकंदाला ४०. सेन्सरला वरपासून खालपर्यंत यायला १/६० सेकंद लागत असेल, तर तेवढ्या वेळात प्रोपेलर दोन-तृतीयांश फेरा मारून मोकळा! पहिली ओळ वाचताना पातं एका जागी, शेवटची वाचताना भलत्याच जागी. मग ते वाकडं दिसणार नाही तर काय?

यावर महागडा कॅमेरा हा उपाय नाही. उपाय आहे एका काळ्या काचेच्या तुकड्यात, म्हणजे एनडी फिल्टरमध्ये. या कॅमेऱ्यांच्या भिंगाचं छिद्र बहुधा ठरलेलं असतं, लहान-मोठं करता येत नाही. त्यामुळे लख्ख उन्हात कॅमेरा आपणहून शटर १/२००० वगैरे करतो. तेवढ्या वेळात प्रोपेलर फक्त ७.२ अंश फिरतो आणि पातं अगदी स्पष्ट, म्हणून अगदी वाकडं दिसतं. आता एनडी ३२ लावा. उजेड बत्तिसाव्या हिश्शावर आला की शटर १/६० च्या आसपास येतं. तेवढ्यात प्रोपेलर २४० अंश फिरतो. दोन पात्यांमधलं अंतर १८० अंशांचं, म्हणजे पूर्ण चकती पुसट होऊन जाते आणि डोळ्यांना विमानात जसं दिसतं तसंच दिसतं. तेव्हा ज्या मॉडेलला एनडी फिल्टर सहज बसतो आणि सहज मिळतो तेच घ्या. ढगाळ हवेत किंवा संध्याकाळी मात्र तो काढायला विसरू नका.

दुकानदार कधीकधी पोलरायझर गळ्यात मारतो. तो विमानात नको. विमानाची काच बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते, तिच्यातल्या ताणामुळे पोलरायझरमधून इंद्रधनुष्यी पट्टे दिसतात (फोटोइलॅस्टिसिटीचं प्रॅक्टिकल आठवा!). आणि पॅनेलवर एलसीडी पडदे असतील तर तेच काळे पडतात.

दुसरी भुरळ स्टॅबिलायझेशनची. २०१८ च्या गोप्रो हीरो ७ ब्लॅकमध्ये हायपरस्मूथ आलं आणि हातात कॅमेरा धरून पळणाऱ्यांचं भलं झालं. विमानात मात्र कॅमेरा विमानालाच चिकटलेला असतो. विमान वळलं की आतल्या जायरोला वाटतं की कॅमेरा हलला. तो चित्र उलट सरकवतो, आणि मग क्षितिज स्थिर पण डॅशबोर्ड पोहतोय असा विचित्र प्रकार दिसतो. म्हणून कॉकपिटमध्ये स्टॅबिलायझेशन सरळ बंद ठेवावं. ज्यात ते पूर्ण बंद करता येतं असाच कॅमेरा घ्यावा. 'होरायझन लॉक'चीही तीच गत. नीट घेतलेल्या वळणात एकूण बल विमानाच्या तळाशी काटकोनातच लागतं. कॅमेऱ्यातला अ‍ॅक्सेलरोमीटर त्यालाच 'खाली' समजून फसू शकतो.

हे वाचून हसू नका, कारण माणसाचा कानही असाच फसतो. ढगात किंवा अंधारात क्षितिज दिसेनासं झालं की विमान कलंडलंय हे शरीराला कळतच नाही. तिथे नजर पॅनेलवरच हवी. ३१ मे २०१४ रोजी अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात वॉटकिन्सजवळ मध्यरात्रीनंतर एक सेसना १५० कोसळलं आणि दोघं गेले. तिथल्या एनटीएसबी या तपास संस्थेला अवशेषांजवळ गोप्रो सापडला. अपघाताचं उड्डाण त्यात बहुधा नव्हतं, पण आधीची होती. त्यांत पायलट आणि त्याच्याबरोबरची माणसं उडताना मोबाईलवर स्वतःचे फोटो काढताना दिसली. रात्री टेकऑफच्या वेळी फ्लॅश मारूनसुद्धा! अपघाताच्या उड्डाणातही मोबाईलने लक्ष विचलित झालं असावं, त्यातून दिशाभ्रम झाला आणि विमानावरचा ताबा गेला, असा निष्कर्ष संस्थेने काढला. त्या रात्री विमानात दोन प्रकारचे कॅमेरे होते. एक जागेवर गप्प बसलेला, दुसरा हातातला. माझा सगळा मुद्दा या फरकाचा आहे.

म्हणून टचस्क्रीन किती सुंदर आहे यापेक्षा मोठं, हाताला कळणारं बटण आहे का ते बघा. एकदा दाबलं की रेकॉर्डिंग चालू. अ‍ॅपवरून कंट्रोल करता येतो म्हणून खूश होऊ नका, ते अ‍ॅप मोबाईलवर असतं!

आवाजाकडे तर कुणी लक्षच देत नाही. शिकणाऱ्याला व्हिडिओचा खरा उपयोग खोलीवर परत येऊन बघताना होतो. एटीसीने काय सांगितलं, आपण काय उत्तर दिलं, इन्स्ट्रक्टर सर नेमके कशावर ओरडले. आणि कॅमेऱ्याच्या माईकमध्ये येते फक्त इंजिनची घरघर. त्यासाठी इंटरकॉममधून आवाज घेणारी केबल मिळते. गोप्रोच्या बऱ्याच मॉडेल्सना बाहेरचा माईक जोडायला वेगळा अ‍ॅडॉप्टर किंवा 'मीडिया मॉड' नावाची चौकट लागते. तो खर्च आधीच धरा. २०२४ चा डीजेआय ऑस्मो अ‍ॅक्शन ५ प्रो त्याच कंपनीच्या वायरलेस माईकला थेट जोडता येतो. हेडसेटचा सिग्नल माईकपेक्षा खूप मोठा असतो, तो कमी करावा लागतो. दोन रेझिस्टरचं काम आहे, मान्य. पण हॉस्टेलवर सोल्डर केलेली वायर विमानाच्या रेडिओ पॅनेलमध्ये घालू नका, तयार घ्या. सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे छोटा कॉलर माईक हेडसेटच्या कानाच्या गादीत सरकवायचा. विमानाच्या वायरिंगला हात लागत नाही आणि आवाज छान येतो.

आता तो लावायचा कुठे? बाहेर पंखाखाली लावलेले व्हिडिओ भारी दिसतात हे खरं. पण हिशोब करा. कॅमेऱ्याची समोरची बाजू ७ गुणिले ५ सेंटिमीटर, वेग १०० नॉट. ड्रॅग कोइफिशंट १ धरला तर जवळपास पावणेसहा न्यूटन, म्हणजे सुमारे ५८० ग्रॅम वजनाची ओढ. कॅमेऱ्याचं स्वतःचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास! त्यावर थरथर वेगळी. आणि सक्शन कप हवेच्या दाबावर टिकतो. १०,००० फुटांवर तो दाब जमिनीवरच्या ७० टक्क्यांच्या आसपास उरतो. सुटला तर तो मागे शेपटीकडे जाणार. तेव्हा शिकणाऱ्यांनी बाहेर लावायच्या फंदात पडूच नये. आत लावतानाही योक पूर्ण मागे ओढून बघा, आणि चुंबकाचा माउंट होकायंत्राजवळ नको.

मेमरीचं थोडक्यात. ६० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने तासाला २७ जीबी होतात. व्ही३० छापलेलं चांगलं कार्ड घ्या. उन्हात काचेमागे कॅमेरा तापून बंद पडतो, त्यामुळे ४के ३० फ्रेम्सच्या पुढे जायची हाव नको. पॅनेलवरचे आकडे वाचायला तेवढं पुष्कळ आहे.

म्हणून माझा सल्ला, एक-दोन वर्षं जुनं मॉडेल घ्या आणि वाचलेल्या पैशांत फिल्टर, केबल आणि कार्ड. उड्डाणाच्या एका तासाला हजारो रुपये मोजणाऱ्याला तेवढं परवडतं.

आणि खरेदीच्या आधी एक काम करा. विमान नियम १९३७ मधल्या नियम १३ मध्ये उडत्या विमानातून फोटो घ्यायला लेखी परवानगीची अट होती, आणि सप्टेंबर २०२० मध्ये डीजीसीएने ती विमान कंपन्यांना जाहीरपणे आठवण करून दिली होती. नंतर नेहमीच्या फ्लाइटमधल्या प्रवाशांना मुभा आहे असा खुलासा झाला, पण ट्रेनिंगचं विमान म्हणजे नेहमीची फ्लाइट नव्हे. शिवाय पुण्याच्या लोहगावसारखे विमानतळ हवाई दलाचे आहेत. तेव्हा आपल्या चीफ इन्स्ट्रक्टर सरांना विचारा, आणि हो म्हणाले तर ते लेखी घ्या. नाही म्हणाले तर पैसे वाचले, पुढच्या तासाला कामी येतील.