इटलींत मुक्काम कोठें करावा?

शाळा सोडून महाविद्यालयांत गेलेलीं आमचीं मुलें अलीकडे पांचसहाजणांचा मेळ जमवून सुटींत परदेशीं निघूं लागलीं आहेत, आणि इटलीचें नांव त्यांच्या यादींत बहुधा आरंभींच असतें. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस हीं तीन शहरें दहा दिवसांत उरकावयाचीं, असा बेत घरींच ठरलेला असतो. आमच्याकडे तीं येतात तीं केवळ होकार घेण्यासाठीं. तो होकार आम्ही देत नाहीं. कां देत नाहीं, तें येथें सांगावेंसें वाटतें.

मेळांतील सर्वांचे खिसे सारखे नसतात. एकाच्या वडिलांचें दुकान भर पेठेंत असतें, तर दुसऱ्यानें दोन वर्षें शिकवण्या करून वाटखर्च जमविलेला असतो. हा दुसरा मुलगा प्रवासांत तोंडानें कांहीं बोलत नाहीं. चौथ्या दिवसापासून त्याला भूक नसते. पांचव्या दिवशीं त्याचे पाय दुखतात, म्हणून सोबती संग्रहालय पाहून येईपर्यंत तो बाहेर पायऱ्यांवर बसून राहतो. सोबत्यांना तें खरेंच वाटतें! आधीं त्या मुलाचा खिसा मोजावा आणि मग नकाशा उघडावा, असें आमचें मत आहे.

या मापानें व्हेनिस फारच जड जातें. तेथील बोटीचें सव्वा तासाचें, नेमकें म्हणजे ७५ मिनिटांचें तिकीट साडेनऊ युरोंचें, म्हणजे सुमारें हजार रुपयांचें आहे. शिवाय १९व्या शतकांतल्या जकातनाक्याची आठवण व्हावी अशी एक पट्टी तेथें २०२४ सालापासून सुरू झाली: ठराविक दिवशीं केवळ दिवसापुरतें येणारानें ५ युरो भरावयाचे, आणि २०२५ पासून ऐनवेळीं नोंद करणारानें १० भरावयाचे. रात्र काढणारास ती माफ आहे, पण त्यास रात्रीगणिक निराळा कर द्यावा लागतो. तेव्हां व्हेनिसला एक दिवस पहाटेच्या गाडीनें जावें, पायींच हिंडावें आणि रात्रीं परतावें. बोटींत न बसतांहि तें शहर पुष्कळसें दिसतें.

संग्रहालयांच्या दरांतहि एक मेख आहे. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालील कोणत्याहि देशाच्या मुलास प्रवेश विनामूल्य असतो. १८ ते २५ वर्षांच्या तरुणांस केवळ २ युरोंचा दर आहे, परंतु तो युरोपीय संघाच्या नागरिकांपुरता. आपला एकोणीस वर्षांचा विद्यार्थी पूर्ण दर भरतो, आणि फ्लॉरेन्सच्या उफीत्सी चित्रशाळेंत तो भर हंगामांत २५ युरोंच्या घरांत जातो. महिन्याच्या पहिल्या रविवारीं मात्र हीं दारें सर्वांना मोफत उघडतात. रांग लांब असते, पण रांगेंत उभें राहण्याची सवय आपणांस आहेच.

मग मुक्काम कोठें करावा? आम्ही बोलोन्याचें नांव सुचवितों. पर्यटकांच्या पुस्तकांत या शहराच्या वांट्यास थोडीं पानें येतात. म्हणून मुलें नाक मुरडतात. वास्तविक येथील विद्यापीठ परंपरेनें १०८८ सालचें मानलें जातें, आणि आजहि गांव विद्यार्थ्यांनीं भरलेलें असल्यामुळें साधें जेवण सहज मिळतें. आपल्या पोळीची बहीण शोभेल अशी पिआदिना हातांत घेऊन चौकांत बसून खावी. खुर्चीचे पैसे वांचतात. शहरांत रस्त्यांच्या कडेनें कमानदार पडव्या आहेत. त्यांची एकंदर लांबी सुमारें ६२ किलोमीटर भरते, आणि २०२१ सालीं त्यांची गणना जागतिक वारशांत झाली. ऊन असो वा पाऊस, त्या पडव्यांखालून जवळजवळ चार किलोमीटर चालत डोंगरावरील सान लूकाच्या मंदिरापर्यंत जातां येतें. सान पेत्रोनिओच्या भव्य मंदिरांत कासीनी या ज्योतिषानें १६५५ सालीं आखलेली ६७ मीटरांची रेघ फरशीवर आहे; छताच्या छिद्रांतून आलेला सूर्याचा कवडसा भर मध्यान्हीं तिच्यावर येतो. आमच्या विज्ञानवर्गांतील मुलांनीं तो मुद्दाम पाहावा.

बोलोन्या हें आगगाड्यांचें मोठें जंक्शन आहे. फेरारा अर्ध्या तासावर. रावेन्ना, जेथें दान्ते १३२१ सालीं वारला व जेथें त्याची कबर आहे, तें सव्वा तासाच्या आसपास. फ्लॉरेन्स जलद गाडीनें चाळीस मिनिटांवर. साध्या गाडीचें भाडें अंतरावर ठरतें, तें ऐनवेळीं वाढत नाहीं. कागदी तिकिटावर मात्र चढण्यापूर्वीं फलाटावरील यंत्राचा शिक्का उमटवावा, नाहींतर दंड होतो.

याच बाजूस आपल्या लोकांचाहि एक ठिकाणा आहे, आणि तो कोणत्याहि यादींत नसतो. ९ एप्रिल १९४५ रोजीं पूर्वेकडील सेनिओ नदीवर मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनीं गोळ्यांच्या माऱ्यांत दोन जखमी सोबत्यांना पाण्यांतून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून सुखरूप परत आणलें. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जवळच्या फोर्ली गांवीं हिंदी सैनिकांचें स्मशानस्थान असून, ज्यांस अग्नि दिला गेला त्यांचें स्मारकहि तेथेंच आहे. बोलोन्याहून तेथें जाण्यास तासहि लागत नाहीं आणि प्रवेशाला पैसा पडत नाहीं.

नेपल्स याहूनहि स्वस्त, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे, आणि पॉम्पेई तेथून हाकेच्या अंतरावर आहे. इतिहासाचा ध्यास असलेल्यांनीं खुशाल तिकडे जावें. पण बोलोन्याऐवजीं जावें, बोलोन्याशिवाय आणखी म्हणून नव्हे. दोन्हींच्या मधलें जलद गाडीचें भाडेंच तो खिसा रिकामा करील. रोमला दोन दिवस पुरे. तेथें कारावाज्जोचीं तीन चित्रें सान लुइजी देइ फ्रांचेझी या मंदिरांत तिकिटावांचून पाहतां येतात, आणि रस्त्यांवरील नळांचें पाणी पिण्याजोगें असतें.

एक सूचना राहिली. बोलोन्यांत व्यापारी प्रदर्शनें वरचेवर भरतात, आणि त्या दिवसांत वसतिगृहाच्या खाटेचाहि दर चढतो. तारखा आधीं पाहाव्या, मे महिना साधावा, आणि जागा राखून ठेवण्यापूर्वीं हिशेबाची वही त्या शिकवण्या करणाऱ्या मुलाच्या हातीं द्यावी.