कॉलेजापूर्वींचे तीन महिने

बारावीची परीक्षा मार्च महिन्यांत आटोपते, आणि महाविद्यालयाचें दार उघडण्यास पावसाळा उजाडतो. मधले हे तीन-साडेतीन महिने आमच्या हिंगणा तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरीं कसे जातात, आणि कसे जावयास पाहिजेत, याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. पीक, खत आणि कीड यांची चर्चा करणाऱ्या मासिकांत हा विषय कशाला, असें कोणास वाटेल. परंतु ज्या शेताचा पुढचा धनी अठरा वर्षांचा होऊन उंबरठ्यावर उभा आहे, त्या शेताच्या दृष्टीनें याहून निकडीचा विषय दुसरा नाहीं.

आमच्या शेजारच्या घरांतील मुलगी यंदा बारावीस बसली होती. तिचा दिनक्रम मी रोज पाहतों. पहांटे उठून ती पाणी भरते, गोठ्यांतील शेण काढते, आणि ऊन तापण्यापूर्वीं आईबरोबर वावरांत जाऊन उपटलेल्या पऱ्हाट्या धुऱ्यावर रचते. दहाच्या सुमारास परतून प्रवेशपरीक्षेचीं पुस्तकें उघडते. मे महिन्यांत आमच्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो. पत्र्याखालीं बसवत नाहीं, तेव्हां ओट्यावर निंबाच्या सावलींत चटई टाकून वाचते. संध्याकाळीं मोबाइलवर मैत्रिणींचे निरोप येतात. कोणी पुण्यास जाणार, कोणी नागपुरास खोली घेणार. ती सर्वांचे निरोप वाचते. स्वतःविषयीं मात्र कांहीं लिहीत नाहीं.

एके दिवशीं मीं सहज विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “काकाजी, मला शेतकी कॉलेजांत जावेंसें वाटतें. पण घरीं बोललें कीं बाबा रागावतात. म्हणतात, शेतीच करायची होती तर इतकीं वर्षें शाळेंत कशाला घातलें? बरें, दुसरें कांहीं घ्यावें, तर फी किती झेपेल हें कोणी सांगत नाहीं.”

या चार वाक्यांत आपल्या घरोघरच्या दोन चुका आल्या आहेत. पहिली चूक ही कीं, आपण शेतीचा धाक घालतों. “अभ्यास कर, नाहीं तर वखर हाकावा लागेल,” हें वाक्य ज्या घरांत उच्चारलें गेलें नाहीं असें शेतकऱ्याचें घर विरळा. बारा वर्षें आपण मुलांस शिकवितों कीं, आपला धंदा ही नापासांस होणारी शिक्षा आहे. आणि पुढें तींच मुलें गांवाकडे फिरकत नाहींत म्हणून कपाळास हात लावतों! वस्तुतः शेतकी ही शिकण्याजोगी विद्या आहे, हें आपल्या या नागपुरांतच फार पूर्वीं मान्य झालें. येथील कृषि महाविद्यालय १९०६ सालचें. नागपूर विद्यापीठ त्यानंतर, म्हणजे १९२३ सालीं, स्थापन झालें. १९६९ सालीं अकोल्यास निराळें कृषि विद्यापीठच उभें राहिलें. ज्या विद्येसाठीं स्वतंत्र विद्यापीठ निघालें, ती शिक्षा कशी म्हणावी?

याचा अर्थ प्रत्येक मुलानें शेतकीच शिकावी असा नव्हे. कोणी यंत्रविद्या घेईल, कोणी वैद्यक, कोणी कायदा. हिंगण्याच्या मुलास शहर दूर नाहीं. वानाडोंगरीस अभियांत्रिकीचें शिक्षण मिळतें. आपल्या औद्योगिक वसाहतींत ट्रॅक्टर तयार होतात. आणि २०२० पासून लोकमान्यनगरहून मेट्रोनें थेट सीताबर्डीस जातां येतें. जाण्याची वाट सोपी झाली आहे. पण धाकानें पळत सुटलेला मुलगा आवडीनें वाट निवडीत नाहीं. समोर जी दिसेल ती धरतो.

दुसरी चूक पहिलीहून मोठी आहे. ती माझ्या हातून घडली आहे, म्हणून तिच्याविषयीं स्पष्ट लिहितों. माझा वडील मुलगा कॉलेजांत गेला तेव्हां “तूं फक्त शीक, पैशाची काळजी करूं नकोस,” असें मीं त्यास सांगितलें. त्या वेळीं माझ्या डोक्यावर पीककर्जाची थकबाकी होती आणि नातेवाइकांचे हातउसने निराळे. मुलास तें कळलें दुसऱ्या वर्षीं, सुटींत घरीं आला असतां वसुलीची नोटीस त्याच्याच हातीं पडली तेव्हां. तो रागावला नाहीं. रात्रीं जेवतांना एवढेंच म्हणाला, “बाबा, आधीं सांगितलें असतें तर मीं कमी फीचें कॉलेज घेतलें असतें.” त्या वाक्यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं. मीं त्याची काळजी वाचविली असें समजत होतों. प्रत्यक्षांत त्याच्या निवडीचा हक्क मीं काढून घेतला होता.

म्हणून माझें सांगणें असें कीं, या तीन महिन्यांत शेतकऱ्यानें आपलें वावर आणि आपली वही, दोन्ही मुलापुढें उघडीं करावींत. प्रथम सातबारा आणि आठ-अ त्याच्या हातीं द्यावा, व तो घेऊन धुऱ्याधुऱ्यानें हिंडावें. आपली हद्द कोठें, विहिरीस पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतें, कोणत्या तुकड्यांत पाणी सांचतें, हें त्यास ठाऊक असावें. पुष्कळ मुलें सनावळ्या अचूक सांगतात. आपल्या शेताचा गट नंबर मात्र सांगूं शकत नाहींत.

नंतर हिशेब. समजा, तीन एकर सोयाबीन आहे आणि एकरीं सहा क्विंटल पिकलें. एकूण अठरा क्विंटल झालें. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता. त्या दरानें ८८,०५६ रुपये होतात. परंतु त्या हंगामांत बाजारांत पुष्कळांस हमीभावाहून कमी दर मिळाला. समजा ४,१०० रुपयेच मिळाले, तर ७३,८०० रुपये हातीं येतात. म्हणजे चौदा हजारांवर तूट. यांतून बियाणें, खत, फवारणी, निंदण, सोंगणी आणि मळणी वजा घालावयाची. ही वजाबाकी मुलानें स्वतःच्या हातानें करावी. बापानें दहा वेळां सांगून जें कळत नाहीं, तें एका कागदावर कळतें.

शेवटीं कर्ज. सोसायटीचें किती, बँकेचें किती, सावकाराचें किती, हें न लपवितां मांडावें. मग फी किती झेपेल, आणि रस्त्यालगतचा तुकडा लेआउटवाल्यास विकून शिकावयाचें कीं न विकतां, याचा विचार सर्वांनीं मिळून करावा. जमीन कधींच विकूं नये असें मी म्हणत नाहीं. मुलाच्या नांवानें आणि मुलास न विचारतां विकूं नये, एवढेंच म्हणतों. अल्पभूधारकांच्या मुलांकरितां वसतिगृह निर्वाह भत्त्याची सरकारी योजना आहे. अशा सवलतींसाठीं घरच्या जमिनीचे व उत्पन्नाचे कागद लागतात. ते मुलास ठाऊक असले म्हणजे अर्जाच्या वेळीं धांवपळ होत नाहीं.

कोणी म्हणेल, कोवळ्या मनावर कर्जाचें ओझें कशाला? परंतु अठराव्या वर्षीं ज्यास मत देण्याचा अधिकार आहे, त्यास घरचा आंकडा पेलणार नाहीं हें खरें नव्हे. शिवाय लपविल्यानें ओझें नाहींसें होत नाहीं. आईबापांचें रात्रींचें कुजबुजणें मुलें ऐकतच असतात. आंकडा ठाऊक नसल्यानें त्यांची भीति मात्र दुणावते. विदर्भांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं आपणांस जो धडा दिला आहे, त्यांत हाही आहे कीं, मनांत कोंडलेलें कर्ज बोलून दाखविलेल्या कर्जाहून अधिक जड होतें.

दुसरा कोणी म्हणेल, मुलगी परक्या घरीं जावयाची, तिला सातबारा कशास दाखवावा? त्यास उत्तर हें कीं, हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीचा मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रांत १९९४ पासून व पुढें २००५ पासून साऱ्या देशांत कायद्यानें मान्य झाला आहे. कायदा बाजूस ठेवला, तरी पऱ्हाट्या रचावयास जिचे हात चालतात, तिला हिशेब वाचावयास डोळे नाहींत काय?

आणि शिकलेला मुलगा परत येत नाहीं, ही तक्रारही सर्वस्वीं खरी नाहीं. डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यांतील पापळचे, शेतकऱ्याच्याच घरचे. ते विलायतेस जाऊन शिकले, आणि परत येऊन त्यांनीं शेतकऱ्यांच्या मुलांकरितां शिक्षणसंस्था उभी केली. १९५२ ते १९६२ पर्यंत देशाचें कृषिखातें सांभाळलें. अकोल्याच्या विद्यापीठास त्यांचेंच नांव आहे. परत येणें म्हणजे केवळ वखर धरण्यास येणें नव्हे. ज्यास आपलें वावर माहीत आहे, तो कोठेंही राहिला तरी त्याच्या उपयोगीं पडतो.

शेजारच्या त्या मुलीच्या वडिलांस मीं माझ्या मुलाची हकीकत सांगितली. ते कांहीं बोलले नाहींत. दोन दिवसांनीं ओट्यावर बाप-लेक वही घेऊन बसलेलीं दिसलीं. तिनें कोणता अभ्यासक्रम घ्यावा हें अद्याप ठरलें नाहीं, आणि तें मीं सांगावयाचें नाहीं. कृषकबंधूंस माझी विनंती इतकीच कीं, ज्यांच्या घरीं बारावीचें मूल आहे त्यांनीं निकालाची वाट न पाहतां, पेरणीची गडबड सुरू होण्यापूर्वीं, एक संध्याकाळ या कामासाठीं काढावी.