वलगावच्या उन्हात टिकेल असा कूलर

आपल्या वऱ्हाडात कूलर म्हटलं की खिडकीत बसवलेला, सकाळ-संध्याकाळ पाणी मागणारा कूलरच डोळ्यांसमोर येतो. आज बोलायचं आहे ते संगणकाच्या पोटातल्या, तळहाताएवढ्या कूलरबद्दल. घरोघरी मुलं छोट्या संगणकावर गाणी ध्वनिमुद्रित करू लागली आहेत, म्हणून हा विषय.

मागच्या मे महिन्यात वलगावला आमच्या घरी भाचीची मेहंदी होती. अम्मीचं वय ऐंशीच्या पुढे. ढोलकीवरची लग्नाची जुनी गाणी तिला तोंडपाठ. ती कुठं लिहिलेली नाहीत. ती जपून ठेवायला भाचा अमरावतीहून आपला छोटा संगणक मोटरसायकलवर घेऊन आला. तीन गाणी छान झाली. चौथ्याला आवाजात करकर सुरू झाली आणि संगणकच बंद पडला. अम्मी हसून म्हणाली, ‘‘काय रे बेटा, तुह्या मशीनले ताप आला का?’’

खरंच ताप आला होता. पेटी उघडली तर कूलरची एक प्लास्टिकची खिळी रस्त्यातल्या धक्क्यांनी निसटलेली, आणि पात्यांत कापसाचे तंतू व धूळ दाटून बसलेली.

प्रोसेसरवरचा कूलर खिडकीतल्या कूलरसारखा हवा गार करत नाही. तो फक्त प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. त्यामुळे खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ७५ वर राहत असेल, तर ४५ अंशांच्या दुपारी तेच काम करताना तो ९५ च्या जवळ जातो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात. साध्या कामात ते जाणवत नाही. पण गाण्यात आवाज क्षणाक्षणाला पोचावा लागतो, म्हणून लगेच करकर होते. कूलरच्या चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत घेतात. ते आकडे वाचताना मनातल्या मनात २० अंश वाढवा.

मग घ्यावा कोणता? आधी पेटीतली जागा मिलिमीटरमध्ये मोजा. नोक्टुआचा एनएच-एल९आय ३७ मिमी उंच आहे, थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ हा ४७ मिमी. इतके बुटके कूलर कमी वॉटच्या प्रोसेसरलाच पुरतात. पेटी थोडी मोठी घेता आली तर जरूर घ्या. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा देतो आणि त्याची घरघर माईकमध्ये शिरत नाही. पण किलोभर वजनाचा उंच कूलर प्रवासात मदरबोर्डला ओढ देतो, तोही नको.

संगणक गावोगाव न्यायचा असेल तर प्लास्टिकच्या खिळ्यांचा कूलर टाळा. मदरबोर्डच्या मागून पट्टी लावून स्क्रूने आवळायचा घ्या. पाण्याच्या नळ्यांचा कूलर दिसायला झकास, पण त्यात पंपही असतो. पंप थांबला तर कार्यक्रम थांबला. हवेच्या कूलरमध्ये बिघडला तर पंखाच बिघडतो. तो नेहमीच्या मापाचा असेल तर सहज बदलता येतो.

कूलर काढला की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. कापसाच्या हंगामात दर महिन्याला ब्रशनं पाती झाडा. पेटी खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती ओलसर हवा, पाण्याचे तुषार आणि त्यातले क्षार संगणकाच्या कामाचे नाहीत. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, तासभर ध्वनिमुद्रण चालवून तापमान पाहा. रात्री केलेली चाचणी दुपारी उपयोगी पडत नाही.

भाच्यानं पेटी जराशी मोठी घेतली, स्क्रूचा कूलर बसवला. हिवाळ्यात अम्मीनं ते चौथं गाणं पुन्हा म्हटलं. संगणक एकदाही अडखळला नाही. पण मधली दोन कडवी तिला आता आठवली नाहीत. तुमच्या घरीही अशी गाणी कुणाला पाठ असतील, तर संगणकाची तयारी आधी करून ठेवा.