भोंग्याला अर्थ हवा

गाडी जुनी झाली की तिच्याविषयी मत असणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. आमच्याकडे एक जीप आहे. महिंद्रांची, उंच बॉनेटची, विलीजच्या सीजे-३बी नावाच्या अमेरिकन घराण्यातली. हे घराणे तिकडे १९५३ साली जन्माला आले. आमचे पात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी इकडे निपजले आणि एका सरकारी खात्याची सेवा करून लिलावात माझ्या वडिलांच्या गळ्यात पडले. यवतमाळच्या दत्त चौकात ही जीप उभी केली की निदान तिघे जण थांबतात. पहिला "किती देते?" म्हणून विचारतो, दुसरा बॉनेटवर टिचकी मारून पत्र्याची जाडी बघतो, आणि तिसरा तिला काय झाले आहे ते सांगतो. माझे भांडण या तिसऱ्याशी आहे.

भांडणाचा मुद्दा आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी 'म्हणायचे काय होते?' असे विचाराल. माझे म्हणणे असे, की जुन्या गाडीचा हॉर्न वाजेनासा झाला तर पहिल्यांदा हॉर्नकडे पाहूच नये. अर्थकडे पाहावे. हा अर्थ म्हणजे इंग्रजीतला, अर्थिंगमधला. आमच्या मिस्त्री लोकांनी तो इतका बेमालूम मराठी करून टाकला आहे, की "साहेब, तुमच्या भोंग्याला अर्थच नाही" असे कोणी म्हणाले तर ते निदान आहे की साहित्यसमीक्षा, हे चटकन कळत नाही.

घरातल्या दिव्याला दोन वायरी लागतात, हे शाळेत शिकलो होतो. मोटारीत मात्र वीज वायरीतून जाते आणि गाडीच्या लोखंडातून परत येते. चासी, पत्रा, इंजिन, सगळे मिळून एकच परतीची वायर. आमच्या जीपमध्ये तर गंमत अशी, की हॉर्नपाशी वीज चोवीस तास ताटकळत उभी असते. तिथून निघालेली वायर स्टिअरिंगच्या पोकळ नळीतून वर बटणापर्यंत येते आणि बटण दाबले की ती लोखंडाला टेकते. म्हणजे बटण दाबून आपण हॉर्नला वीज पाठवत नाही, तिला घरी परतायचे दार उघडून देतो. दार उघडले, पण पुढे रस्ताच नसला तर? तर तुम्ही बटणावर अंगठा मोडेपर्यंत बसा.

आमच्या गाडीचा हा रस्ता बुजवला तो रंगाने. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नियम केले. मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही दोन अक्षरे मिळतात. ते वाचून मला चेव आला. इंजिन उतरवले, चासी उघडी केली, सगळे घासूनपुसून काळ्याभोर रंगाचे तीन हात मारले. पेंटर मोठा गुणी. दिसेल तिथे तर त्याने रंग दिलाच, दिसणार नाही तिथे दुप्पट दिला. पुढे नियम नीट वाचले तेव्हा कळले, की अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच बाहेर काढायची. "मग शेतावर काय माझ्या पाठीवर बसून जाणार आहात?" असे सौ. म्हणाली आणि नोंदणीचा बेत तिथेच संपला. रंग मात्र राहिला. आणि हॉर्न गेला.

एकदम गेला नाही. आधी त्याचा आवाज मरतुकड्या बोकडासारखा झाला. पहिल्या तज्ज्ञाने तो ऐकला, तोंड वाकडे केले आणि "हॉर्न गेला" असा निकाल दिला. नवी जोडी बसवली. आता एका बोकडाऐवजी दोन बोकड ओरडू लागले. "नवीन हायेत, मोकळे होतीन," असे सांगून त्याने पैसे घेतले. जुना हॉर्न मी घरी आणून बॅटरीला थेट लावून पाहिला तर तो असा गरजला, की शेजारच्यांनी दार लावून घेतले. चांगल्या हॉर्नला मी पेन्शनीत काढले होते. मग माझीही मती फिरली. मी म्हटले, नव्या जोडीत खोट असेल.

इथपर्यंत हे सगळे विनोदाने सांगण्यासारखे आहे. पुढचे तितकेसे नाही. कापूस वेचून झाल्यावरचे दिवस. आर्णी रस्त्यावरून आत शेताकडे वळलो. उताराची वाट. पुढे पऱ्हाटीने लादलेली बैलगाडी. पऱ्हाटीचा भारा इतका उंच, की गाडीवाल्याला मागचे दिसत नव्हते, आणि करकरण्यात जीपचा आवाज ऐकू येत नव्हता. मी बटण दाबले. बोकडसुद्धा ओरडला नाही. त्याच वेळी गाडीमागे लोंबकळत असलेला आठ-नऊ वर्षांचा पोरगा हात सोडून वाटेत उतरला, पाठमोरा. जुन्या जीपचे ब्रेक एका बाजूला ओढतात. त्या दिवशी त्यांनी मला डावीकडे तुरीत ओढले, हे त्यांचे उपकार. पोराला काही झाले नाही. गाडीवाला आजोबा उतरून आला. शिवी दिली असती तर बरे वाटले असते. त्याने फक्त जीपकडे वरून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "एवढी चमकवली गाडी, हारन काहून नाही जी हिले?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तेव्हापासून मला हा विषय थट्टेवारी नेता येत नाही. प्रयत्न करतो आहे, पण नीट जमत नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्या तज्ज्ञाकडे. याने काही तपासले नाही. "डायरेक्ट करून देतो," म्हणाला. वाचकहो, या 'डायरेक्ट' शब्दावर माझा मनस्वी राग आहे. पंख्याचे बटण बिघडले, डायरेक्ट करा. मोटारपंपाचा स्टार्टर बिघडला, डायरेक्ट करा. मधले जे काही आहे ते कोणीतरी उगाच, चहाच्या वेळी सुचले म्हणून घातलेले असावे, अशी या लोकांची श्रद्धा आहे. याने बॅटरीपासून एक वायर निघाली ती सरळ हॉर्नपर्यंत नेली, हॉर्नपासून डॅशबोर्डपर्यंत, आणि तिथून परत बॅटरीला. डॅशबोर्डवर घराच्या दारावरच्या घंटीचे पांढरे बटण स्क्रूने ठोकून दिले. वाजले! दणदणीत वाजले. मीही खूश झालो, हे कबूल करतो. या सगळ्यात फ्यूज कुठे आहे, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

चारच दिवसांनी आम्ही धामणगाव रस्त्याने एका लग्नाला निघालो. बॉनेटच्या कडेला ती वायर घासत होती. तिचे प्लास्टिक सोलले गेले आणि तांबे पत्र्याला टेकले. फ्यूज असता तर चार आण्याची तार वितळून प्रकरण मिटले असते. इथे वितळायला काही ठेवलेच नव्हते. डॅशबोर्डखालून धूर आला, तोही नेमका सौ.च्या शालूपाशी. गंमत अशी, की जळत होती ती हॉर्नची वायर नव्हे, चोकची तार. मी बॅटरीचे टोक उपटले तेव्हा माझी बोटेही थोडी भाजली. लग्नाला आम्ही ऑटोरिक्षाने गेलो. रस्ताभर ती एक अक्षर बोलली नाही. रिक्षाचा हॉर्न मात्र उत्तम होता.

तिसरा तज्ज्ञ घरचाच. मेहुणे. त्यांचे म्हणणे, "भाऊजी, या भानगडीत पडू नका, एअर हॉर्न लावा. ट्रकचा. सहा सूर निघतात." सूर बदलत वाजणाऱ्या असल्या भोंग्यांना १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत बंदी आहे, हे मी सांगितले. ते म्हणाले, "पकडतो कोण?" आवाज कमी पडला की अर्थ तपासायचा नाही, आवाज वाढवायचा, हा उपाय आपल्याकडे मोटारीपुरता मर्यादित नाही, पण तो विषय काढला तर मेहुणे दुखावतील, ते दोनदा निवडणुकीला उभे राहिले आहेत. खरा सुखी प्राणी म्हणजे आमची शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूरची ती अरुंद गाडी १९९४ पर्यंत वाफेवर धावत होती. तिच्या शिट्टीला वायर नको, बटण नको, अर्थही नको. आता ती गाडीच बंद आहे, म्हणून उदाहरण द्यायला सोयीची.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. दुकान म्हणजे एक पत्रा आणि एक बाज. मी हॉर्नची कहाणी सुरू केली तसा त्यांनी हात वर केला. "हारन नका दाखवू मले. जळलं काय, ते दाखवा." मी चोकची तार दाखवली. ती त्यांनी नखाने खरवडली आणि हसले. "हेच तर. तुमच्या गाडीचा अर्थ इच्यातून जाऊन रायला होता."

मग त्यांनी सांगितले ते असे. आमच्या जीपमध्ये बॅटरीचे ऋण टोक इंजिनाला जोडलेले, म्हणून स्टार्टर नीट चाले आणि कोणाला शंका येत नसे. पण इंजिन रबरावर बसलेले. इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची गुंफलेली पट्टी असते. ती आमच्या गाडीत होती, जागेवर होती, बोल्टही आवळलेला होता. फक्त तिच्याखाली आमच्या गुणी पेंटरचे तीन हात होते. वीज बिचारी परतीला दुसरी वाट शोधत डॅशबोर्डवरून चोकच्या बारीक तारेने इंजिनाकडे जात होती. हॉर्नची जोडी दहा अँपिअर ओढत असेल आणि वाटेत नुसता पाव ओहमचा अडथळा असला, तरी अडीच व्होल्ट तिथेच सांडतात. बाराचे साडेनऊ उरतात. जुन्या सहा व्होल्टच्या गाडीत साडेतीनच. साडेतीन व्होल्टांवर बोकडही ओरडणार नाही. आणि बॉनेटला वायर टेकली तेव्हा सगळा लोंढा त्याच तारेवर कोसळला.

त्यांनी वायरीचा एक तुकडा घेतला, एक टोक इंजिनाला, दुसरे चासीच्या एका खरवडलेल्या जागी धरले. "दाबा." मी स्टिअरिंगवरचे मूळचे बटण दाबले. बाजेखालची कोंबडी रस्त्यापलीकडे गेली. वायर काढली, "दाबा." चिडीचूप. असे तीनदा केले. डायरेक्टवाल्यांनी ही वायर जरूर वापरावी, माझी हरकत नाही. पण नाडी पाहायला धरलेला हात म्हणजे औषध नव्हे, हात कायमचा तिथे बांधून ठेवायचा नसतो. काही जण म्हणतात रिले बसवा. बसवा की! रिले चांगलाच, बटणावरचा भार कमी होतो. पण रिलेच्या कॉइललाही अर्थ लागतो, आणि तो कुठून आणणार?

मिस्त्रींनी पट्टी सोडवली, पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासून चांदीसारखी केली, खाली दातेरी वायसर घातला, बोल्ट आवळला आणि गंज चढू नये म्हणून वरून व्हॅसलिन चोपडले. स्टिअरिंगच्या बॉक्सखालीही तेच. मेहुण्यांचा सल्ला, दुसऱ्याची पांढरी घंटी आणि पहिल्याची नवी जोडी काढून जुना हॉर्न फ्यूजसकट जागेवर बसवला. चहाला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ लागला. शंभर रुपये घेतले, त्यातले दहा वायसरचे.

परवा पेंटर भेटला. जीपभोवती फिरला, स्वतःच्या कामावर खूश झाला आणि खाली वाकल्यावर एकदम गंभीर झाला. "साहेब, इथी रंग खरवडला गेला जी कोणाच्यानं. डबा आहे माझ्यापाशी. दोन मिनिटांत हात मारून देतो." मी तेव्हापासून त्या चाकापाशी उभा आहे.