सट्टापट्टीतला ‘अभ्यास’

महालात सट्टापट्टीचे जुने आकडे वहीत मांडून उद्याचा आकडा सांगणाऱ्यास ‘अभ्यासू’ म्हणतात. हा त्या शब्दाचा अपमान आहे. पूर्वी आकडा न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावांवर लागे. तेथे निदान तर्काला वाव होता. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका सुरू झाला, पुढे आकडा पत्त्यांतून निघू लागला आणि तोही वाव संपला. तीन पत्त्यांच्या बेरजेतील शेवटचा अंक! त्याला कालची आठवण कोठून असणार? पत्ते प्रामाणिकपणे काढले (हेही गृहीतच) तरी जिंकण्याची शक्यता दहांत एक, देणे मात्र नऊपट. दर दहा रुपयांमागे सरासरी एक रुपया चालकाचा. वहीतल्या कोणत्याही आकडेमोडीने हा रुपया परत येत नाही.