पक्ष खुशाल बदला, आमची जागा परत करा



कुडवा हे गाव गोंदिया शहराला लागून आहे. इकडे धान, तुमच्याकडे पऱ्हाटी आणि ज्वारी. पीक वेगळे असले तरी आमदार फिरला की बुडतो तो शेतकरीच.

"तो पुढाऱ्यांचा खेळ आहे, आपल्याला काय त्याचे?" असे प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतेच. त्यांनी 2022 चा खरीप आठवावा. जूनमध्ये आपण पेरणीत होतो, तेव्हा शिवसेनेचे आमदार आधी सुरतेला आणि तेथून गुवाहाटीला गेले. 29 जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. 30 जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री आणि देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. त्यानंतर 9 ऑगस्टपर्यंत, म्हणजे 40 दिवस, या दोघांचेच मंत्रिमंडळ होते. त्याच जुलैत विदर्भात अतिवृष्टी झाली, शेते खरडून गेली. राज्याला तेव्हा कृषिमंत्री नव्हता.

पंचनामे तलाठी आणि कृषी सहायक करतात, मंत्री करत नाहीत, हे खरे. पण मदतीचा वाढीव दर आणि हेक्टरची मर्यादा मंत्रिमंडळच ठरवते. जिरायतीला हेक्टरी 13,600 रुपये, तेही 3 हेक्टरपर्यंत, हा निर्णय झाला 10 ऑगस्टला. जिल्ह्यांना पालकमंत्री मिळाले 24 सप्टेंबरला. दुबार पेरणीची वेळ कोणाच्या शपथविधीसाठी थांबत नाही.

पुढे काय झाले? 2 जुलै 2023 ला अजित पवार आपल्या गटासह त्याच सरकारात आले. वाटणी नव्याने झाली आणि अब्दुल सत्तार यांच्याकडचे कृषी खाते धनंजय मुंडे यांच्याकडे गेले. सरकार पडले नाही, उलट त्याचे बहुमत वाढले. पण ऐन खरिपात खाते पुन्हा हलले. आकडा भक्कम असणे वेगळे आणि कारभार स्थिर असणे वेगळे. यात कोणताही पक्ष सोवळा नाही. 1978 मध्ये शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचे सरकार पाडले, तेव्हापासून हा रस्ता मळलेला आहे.

कायदा नाही असे नाही. 1985 मध्ये पक्षांतरबंदी आली. एकतृतीयांश आमदार फुटले तर ती फूट मान्य, अशी तिला पळवाट होती. ती 2003 मध्ये बुजवली. पण निकाल देणार कोण? विधानसभेचे अध्यक्ष, जे स्वतः एका पक्षाचे. 2022 च्या फुटीचा निकाल 10 जानेवारी 2024 ला लागला आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. दीड वर्षाने आलेल्या त्या निकालाचा मतदाराला काय उपयोग?

बियाण्याच्या पिशवीवर एक वाण छापलेले आणि शेतात उगवले भलतेच, तर आपण तालुक्याला तक्रार करतो. मतपत्रिकेवरच्या चिन्हाबद्दल तशी तक्रार कोठे करायची?

माणसाचे मत बदलू शकते, त्याला आमचा विरोध नाही. आपल्याच भागातली उदाहरणे पाहा. भंडारा-गोंदियाचे खासदार नाना पटोले यांनी डिसेंबर 2017 मध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नावर भाजप सोडला, तेव्हा खासदारकीही सोडली. 2018 मध्ये पोटनिवडणूक झाली आणि ती जागा राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे यांना मिळाली. गोंदियाचे काँग्रेस आमदार गोपालदास अग्रवाल 2019 च्या निवडणुकीच्या तोंडावर भाजपमध्ये गेले. मतदारांनी अपक्ष विनोद अग्रवाल यांना निवडले. दोन्ही वेळा निवाडा मतदारांनी केला. आमचे भांडण आहे ते आमची जागा खिशात घालून पलीकडे जाणाऱ्यांशी.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पक्ष सोडणाऱ्याने जागाही सोडावी, आणि पुन्हा निवडून येईपर्यंत त्याला मंत्रिपद नको. अपात्रतेचा निकाल 3 महिन्यांत लागलाच पाहिजे. आणि हा अधिकार अध्यक्षांकडून काढून निवृत्त न्यायाधीशांच्या न्यायाधिकरणाकडे द्यावा. संसदेने याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्येच सुचवले आहे.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. मत मागायला येईल त्याच्याकडून भर सभेत लेखी घ्या: "पक्ष सोडला तर जागा सोडीन." या कागदाला कायद्याचा आधार नाही, हे आम्ही जाणतो. पण गावासमोर दिलेला शब्द मोडून पुन्हा त्याच गावात मत मागायला येणे सोपे नसते. या बैठकीत हा ठराव मांडा, आणि जो सही करणार नाही त्याचे नाव गावच्या फळ्यावर लिहा.